ताणानं डोकं चालेनासं होतं तेव्हा मेंदूत काय होतं, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

प्रश्न असा: वय ४१, बँकेत नोकरी. आठ महिन्यांपासून टार्गेटचा तगादा, त्यातच वडिलांना पक्षाघात होऊन ते अंथरुणाला खिळलेले. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी आठवत नाही, एकच मेल तीनदा वाचावा लागतो, मुलांवर उगाच ओरडलं जातं. ताणानं मेंदूच्या पेशी मरतात असं एका व्हिडिओत ऐकलं. कायमचं नुकसान झालं असेल का? कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची तपासणी करावी का? झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी केमिस्टकडून आणून घेतो, ती चालेल का? आणि हे डिप्रेशन तर नाही?

पेशी मरण्याची भीती आधी बाजूला ठेवा. दीर्घ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशी बहुतांशी जागच्या जागी असतात. आखडतात त्या त्यांच्या फांद्या. रोज सहा तास याप्रमाणे २१ दिवस उंदराला अडकवून ठेवलं की हिप्पोकॅम्पस या आठवणी जुळवणाऱ्या भागातल्या चेतापेशींच्या फांद्या तोकड्या होतात. ताण थांबला की त्या पुन्हा वाढू लागतात. नव्या पेशी तयार होण्याचा वेगही ताणात मंदावतो. नुकसान नाही असं नाही, पण ते उन्हाळ्यात पानं गाळलेल्या झाडासारखं आहे, वठलेल्या झाडासारखं नाही. तुमच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत. फक्त प्रत्येकीचा मेंदूतला पत्ता वेगळा आहे आणि भरून यायचा वेगही वेगळा.

वरिष्ठांचा फोन आला की छातीत धस्स होतं, ते अ‍ॅड्रेनलिन. ते सेकंदांत उसळतं आणि काही मिनिटांत ओसरतं. त्याच्या मागून एक संथ साखळी हलते: मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना सांगते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातलं कॉर्टिसॉल शिगेला पोचायला प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे फोन संपून, चहा पिऊन झाल्यावर हा दुसरा टप्पा ऐन भरात असतो. वाद मिटल्यावरही बराच वेळ डोकं ठिकाणावर येत नाही त्यामागे हेही एक कारण आहे.

कॉर्टिसॉलला हल्ली उगाच खलनायक केलं आहे. सकाळी तुम्हाला अंथरुणातून उठवायला तेच मदत करतं. जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत त्याचा दिवसातला उच्चांक असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचांक. ते वाढणं हा बिघाड नव्हे. बिघाड होतो तो ते वेळेवर न उतरण्यात. उतरवण्याचा लगामही मेंदूतच आहे. १९६८ मध्ये अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी दाखवलं की या संप्रेरकाला पकडून धरणाऱ्या जागा हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर आहेत. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की हिप्पोकॅम्पस वर निरोप पाठवतो, आणि साखळी थंडावते. आता गंमत बघा: आठवणी जुळवणारा भाग आणि लगाम ओढणारा भाग एकच. आठ महिने साखळी चालू राहिली की हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात, लगाम सैल पडतो, त्यामुळे साखळी आणखी चालू राहते. १९९३ मध्ये मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी या साचत जाणाऱ्या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. आपल्या भाषेत, इंजिन बंदच करता येत नसेल तर गाडी उभी असतानाही पेट्रोल जळत राहतं.

म्हणूनच कॉर्टिसॉलच्या तपासणीवर पैसे घालवू नका. दिवसभरात ती पातळी इतकी हेलकावते, आणि सुई टोचली जाण्याच्या भीतीनंही इतकी हलते, की सकाळी एकदा काढलेल्या रक्तावरून ‘तुम्हाला ताण आहे’ किंवा ‘नाही’ असं काहीही सांगता येत नाही. ही तपासणी कुशिंग किंवा अ‍ॅडिसन या ग्रंथींच्या आजारांसाठी आहे. पोट सुटून हातपाय बारीक होणं, पोटावर रुंद जांभळट चरे, सहज काळेनिळे डाग पडणं, आवाक्यात न येणारा रक्तदाब असं काही असेल तर फिजिशियन ती वेगळ्या पद्धतीनं करून घेतील. ताण मोजायला ती निरुपयोगी.

आता मेल तीनदा वाचण्याची गोष्ट. कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आहे. लक्ष धरून ठेवणं, चार गोष्टी एकाच वेळी मनात खेळवणं, तोंडावर आलेला शब्द गिळणं, ही सगळी त्याची कामं. हा भाग फार नाजूक रसायनावर चालतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन मध्यम असेल तर तो तल्लख असतो. खूप वाढलं तर तिथल्या पेशींची जोडणी तात्पुरती सुटते आणि ताबा खालच्या, जुन्या, सवयीच्या भागांकडे जातो. अ‍ॅमी आर्नस्टन यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं हे बारकाईनं उलगडलं आहे. वाघ समोर आला तर विचार करत बसू नये म्हणून ही सोय चांगली. कर्जाच्या फायलीसमोर ती घातक. पण ही जोडणी परत लागते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिना काढलेल्या विद्यार्थ्यांचं लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवण्याचं कौशल्य मंदावलं होतं, आणि स्कॅनमध्ये प्रीफ्रंटल भागातलं दळणवळणही विस्कळीत दिसत होतं. परीक्षा उरकून महिनाभर विश्रांती झाल्यावर तपासलं तर दोन्ही पूर्ववत. ती मुलं विशीतली, तरुण होती आणि त्यांच्या ताणाला शेवटची तारीख होती. तुमच्या ताणाला ती नाही, हा फरक लक्षात ठेवा. त्याकडे परत येऊ.

नाव न आठवणं हे वेगळंच प्रकरण. कॉर्टिसॉल चढलेलं असताना मेंदू समोर घडतंय ते पक्कं कोरून ठेवतो, पण आधी ठेवलेलं बाहेर काढताना अडखळतो. म्हणून वरिष्ठांनी केलेला अपमान शब्दन्‌शब्द लक्षात राहतो आणि त्याच वेळी समोरच्या ग्राहकाचं नाव जिभेवर येत नाही. नाव पुसलेलं नाही, कपाट अडकलं आहे. याची खूण सोपी: संध्याकाळी निवांत असताना ते नाव आपोआप आठवतं. स्मृतिभ्रंशात सहसा उलट चित्र असतं. माणसाला स्वतःला तक्रार नसते, घरचे काळजीत असतात; नुसतं नाव जात नाही, ‘ती भेटच झाली नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं; नेहमीचा रस्ता चुकतो. तुम्ही स्वतः एवढी नेमकी तक्रार लिहू शकता, हेच पुरेसं बोलकं आहे. एमआरआय काढून हिप्पोकॅम्पसचा आकार मोजून घेण्याचा मोहही टाळा. २००२ मध्ये युद्धावर गेलेले सैनिक आणि घरी राहिलेले त्यांचे जुळे भाऊ यांची तुलना झाली. ज्या सैनिकांना युद्धाच्या धक्क्यानंतरचा तीव्र आघातविकार (पीटीएसडी) जडला होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावाचाही तसाच. म्हणजे काही जणांचा तो मुळातच लहान असतो, आणि ताण त्यांना जास्त लागतो. एका स्कॅनवरून ‘ताणानं आकसला’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला आधीचा स्कॅन विचारा.

मुलांवर ओरडणं मात्र मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. धोक्याची घंटा वाजवणारा भाग अमिग्डाला. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं की ज्या दीर्घ ताणानं हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात त्याच ताणानं अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या वाढतात. पुढे त्याच गटाला आढळलं की ताण थांबवून २१ दिवस विसावा दिला तरी अमिग्डालातली ही वाढ उतरत नाही. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावू नये, पण रोजचा अनुभव याच्याशी जुळतो: बदली झाली, टार्गेट सुटलं, तरी फोन वाजला की पोटात गोळा येणं महिनोन्‌महिने राहतं. स्मरणशक्ती लवकर माघारी येते, धास्ती उशिरा. त्यामुळे ‘ताण संपला की आपोआप ठीक होईल’ यावर विसंबून राहू नका. त्यातच झोप उडाली की घंटा आणखी हलकी होते. २००७ च्या एका प्रयोगात साधारण ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांचा अमिग्डाला अप्रिय चित्रांना झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त प्रतिसाद देत होता, आणि प्रीफ्रंटलशी त्याचा संपर्क क्षीण झाला होता. ओरडण्याचं कारण मुलांत शोधू नका, रात्रीत शोधा.

दुरुस्ती रात्रीपासूनच सुरू करायची.

पहाटे तीनच का? गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो. नंतरची झोप हलकी असते, आणि त्याच सुमाराला सकाळच्या तयारीसाठी कॉर्टिसॉल हळूहळू चढू लागतं. ज्याची घंटा आधीच हलकी आहे तो नेमका या टप्प्यावर जागा होतो. जाग येणं हा मोठा प्रश्न नव्हे, ती सगळ्यांनाच येते. पुढे जे केलं जातं त्यानं निद्रानाश पक्का होतो: मोबाइलमध्ये किती वाजले बघणं, ‘आता दोनच तास उरले’ हा हिशोब, मेल उघडणं, आणि सकाळी भरपाई म्हणून उशिरापर्यंत पडून राहणं.

तुमच्या घरी आणखी एक शक्यता आधी तपासायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. हवेची गादी असली तरी ते पूर्ण टळत नाही. रात्री हे काम तुम्हीच करत असाल तर तुमचा मेंदू तीनला उठायला शिकला आहे, आणि त्याला निद्रानाश म्हणता येणार नाही. तिथे उपाय पाळीचा: एकानं रात्री दहा ते दोन, दुसऱ्यानं दोन ते सहा, आणि ज्याची पाळी नाही त्यानं दार लावून दुसऱ्या खोलीत झोपायचं. दोघांनीही रात्रभर अर्धवट जागं राहण्यापेक्षा प्रत्येकाला सलग चार तास मिळणं केव्हाही परवडतं. घरात दुसरं माणूस नसेल तर आठवड्यातल्या निदान दोन-तीन रात्री तरी नर्सिंग ब्युरोचा माणूस ठेवायला जमतं का बघा. ‘वडिलांचं मीच करायला हवं’ ही भावना समजते, पण मोडकळीला आलेला मुलगा वडिलांच्याही उपयोगाचा नाही.

पाळीची अडचण नसेल तर पुढचं करा. दहा दिवस वहीत रोज सकाळी चार आकडे लिहा: अंथरुणात किती वाजता गेलो, झोप लागायला अंदाजे किती वेळ, मध्ये किती वेळ जागा, किती वाजता उठलो. अंदाज पुरे, घड्याळ बघून लिहू नका. यातून प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढा. समजा अंथरुणात आठ तास असता आणि झोप साडेपाच तासांचीच होते. तर अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणायचा. उठायची वेळ ठरलेली, म्हणजे समजा साडेपाच, आणि ती रविवारीही तीच. मग अंथरुणात जायचं साडेअकराला, त्याआधी कितीही पेंग आली तरी नाही. पहिला आठवडा वाईट जातो, दिवसा डुलक्या येतात. पण झोपेच्या त्याच भुकेनं ती सलग होते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागू लागली की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवा. पाच तासांच्या खाली मात्र कधीही जाऊ नका. फिट्स येणारे, कधीकाळी उन्मादाचा झटका येऊन गेलेले, रात्री गाडी किंवा यंत्र चालवणारे यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

जाग आल्यावर १५-२० मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही असं वाटलं की उठा, बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे जड झाले की परत या. एका रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, असं मेंदूनं गेले आठ महिने घोकलं आहे; ते पुसायला दोन-तीन आठवडे लागतात. हा उपाय फसतो तो दोन ठिकाणी. एक, संध्याकाळी टीव्हीसमोर सोफ्यावर लागलेली वीस मिनिटांची डुलकी, जी रात्रीच्या झोपेची भूक मारते. दुसरं, चहा. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. बँकेतला पाचचा चहा रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. दारूचा पेग झोप लवकर आणतो आणि तीनला हमखास उठवतो, त्यामुळे तुमच्या तक्रारीत तो विशेष नडतो.

गोळीबद्दल स्पष्ट सांगतो. अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ या कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध आहे; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायलाच नको. कायदा सोडा, तुमच्या तक्रारींशीच त्याचं वैर आहे. ते तासाभरात झोप आणतं पण त्याचा अंमल कमी काळ टिकतो, त्यामुळे पहाटेची जाग तशीच राहते किंवा वाढते. गाढ झोप घटते. आणि नवी आठवण कोरण्याची क्रिया ते थेट मंद करतं. म्हणजे विसरायला होतं म्हणून घाबरायचं आणि विसर पाडणारी गोळी घ्यायची. फार तर दोन ते चार आठवडे, तेही देखरेखीखाली, यापलीकडे तिची जागा नाही. पण हे वाचून आज रात्रीच ती बंद करू नका. महिनाभराहून जास्त काळ रोज घेत असाल तर एकदम बंद केल्यानं थरकाप, दुप्पट बेचैनी, क्वचित फिट येऊ शकते. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतील. साधारण दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के, आणि शेवटचा पाव तुकडा सगळ्यात हळू. दारूबरोबर ही गोळी कधीच नाही, श्वास मंदावतो.

आता दिवसाकडे. ताणाची तीव्रता हा त्याचा सगळ्यात घातक गुण नाही. मानसशास्त्रज्ञ जे वाईस (Jay Weiss) यांनी उंदरांवर केलेले प्रयोग यासाठी पाहण्यासारखे आहेत. दोन उंदरांना अगदी सारखे विजेचे धक्के मिळत. एकाला आधी सूचना मिळे किंवा चाक फिरवून धक्का थांबवता येई, दुसऱ्याला नाही. धक्के तेवढेच, पण ज्याला अंदाज आणि ताबा नव्हता त्याच्या पोटात व्रण कितीतरी जास्त. टार्गेट मोठं असण्यापेक्षा ते आठवड्याच्या मध्येच बदलणं, फोन केव्हाही येऊ शकणं, वडिलांची कोणती रात्र कशी जाईल ते माहीत नसणं यानं लगाम झिजतो. त्यामुळे भार कमी करता येत नसेल तेव्हा त्याला निदान वेळापत्रक द्या. वरिष्ठांना रोज सव्वापाचला आकडे पाठवणं सुरू केलं तर मधले फोन पुष्कळदा कमी होतात. ऑफिसचे मेसेज येणाऱ्या ग्रुपचा आवाज बंद करून ते ठरलेल्या तीन वेळीच बघा. वडिलांची फिजिओथेरपी, औषधं, आंघोळ यांचा तक्ता भिंतीवर लावा, आणि त्यात तुमचे अर्ध्या दिवसाचे दोन मोकळे वेळ नाव घालून लिहा. ‘जमेल तेव्हा’ असा मोकळा वेळ कधीच जमत नाही. वर म्हटलेला शेवटच्या तारखेचा मुद्दा हाच: वडिलांच्या आजाराला तारीख देता येत नाही, पण बुधवारची दुपार देता येते.

डोक्यातल्या भुंग्यासाठी संध्याकाळी सातला वीस मिनिटं राखून ठेवा. कागदाचे दोन भाग करा: डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्यासाठी उद्याचं एक छोटं पाऊल. ज्याला पाऊलच नाही तिच्यापुढे ‘आज काही करण्यासारखं नाही’ एवढं लिहा. रात्री तीच काळजी आली की तिला उद्याच्या सातची वेळ द्या. उजवी बाजू कोरी ठेवून नुसतं डावीकडे लिहीत बसलात तर त्या वहीचा उलटा परिणाम होतो. तेच उगाळणं, फक्त कागदावर.

श्वासाचा व्यायाम उपयोगी आहे, पण अर्धेअधिक लोक तो चुकीचा करतात. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की छाती भरभरून जोरात श्वास घेतला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर वाटते आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त संथ: नाकानं चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा. उच्छ्वासात हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून तो लांबवायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि शांत असताना सराव. ऐन भांडणात पहिल्यांदा करून बघितलं तर काही होत नाही.

व्यायाम हा यातला सगळ्यात दुर्लक्षित उपाय. २०११ मध्ये १२० वयस्क माणसांवर वर्षभराचा एक प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षाअखेरीस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. (इथे ताणाचे म्हणजे स्नायू ताणायचे, मराठीत हा शब्द फार कामं करतो.) वेग एवढा हवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. साडेपाचला उठल्यावर उजाडताना हेच करा; सकाळचा प्रकाश झोपेचं घड्याळही जागेवर आणतो.

हे डिप्रेशन आहे का? तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून हो किंवा नाही म्हणणं चूक ठरेल. बघायचं ते हे: सलग दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ, जवळपास रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक किंवा वजन, थकवा, मंदपणा किंवा अस्वस्थता, एकाग्रता, स्वतःबद्दल अपराधीपणा, जगण्याचा कंटाळा यांतलं धरून एकूण पाच लक्षणं, आणि त्यामुळे कामात किंवा घरात खोळंबा. नुसत्या ताणात एखादी चांगली बातमी आली, मित्र भेटला की मन तेवढ्यापुरतं वर येतं. डिप्रेशनमध्ये पुष्कळदा तेही येत नाही, आणि काहींना सकाळ सगळ्यात जड जाते. आपल्याकडे पुष्कळ जण ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत. डोकं जड आहे, अंग मोडून येतं, गॅस होतो, छातीत धडधडतं अशी भाषा असते आणि वर्षभर पोटाच्याच तपासण्या चालतात. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. २७ पैकी दहा किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी घरच्या एकाला सांगा, गोळ्यांचा साठा आणि शेतावरची औषधं त्याच्या ताब्यात द्या, आणि टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते.

मरणाचे विचार नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२, साखर आणि रक्तदाब बघून घ्या. थायरॉइड मंदावलेला असणं आणि बी१२ कमी असणं, दोन्हींत विसराळूपणा आणि थकवा हुबेहूब असाच दिसतो, आणि शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता मुळीच दुर्मीळ नाही. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास थांबतो असं पत्नी सांगत असेल, तर झोपेची तपासणी वेगळी. चालताना छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर ती ‘टेन्शनमुळे’ ठरवण्याचा अधिकार ईसीजीआधी कुणालाही नाही.

औषध लागलं तर बहुधा एसएसआरआय या डिप्रेशनवरच्या गोळ्यांच्या गटातलं मिळेल. त्याआधी डॉक्टर विचारतील की आयुष्यात कधी चार-पाच दिवस तीन-चार तास झोपूनही अचाट उत्साह, बडबड, उधळपट्टी असं झालं होतं का. ते आठवून खरं सांगा, कारण तसं असेल तर औषधच बदलतं. पहिला दीड आठवडा मळमळ आणि थोडी बेचैनी असते, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. ‘गोळीनं जास्तच झालं’ म्हणून औषध सुटतं ते नेमकं याच फटीत. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण त्याही एकदम बंद करायच्या नसतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. सौम्य ते मध्यम त्रासात सीबीटी ही बोलण्यातून चालणारी उपचारपद्धती गोळीइतकीच चालते. आठवड्यातून एक याप्रमाणे साधारण बारा ते सोळा बैठका. विमा असेल तर विचारून बघा. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे.

सुधारणेचा क्रम सहसा असा असतो: आधी झोप सलग होते, दोन-तीन आठवड्यांत. मग चिडचिड उतरते, आणि ते तुमच्या आधी मुलांच्या लक्षात येतं. एकाग्रतेला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याच सुमाराला नावं अडणंही कमी होऊ लागतं. फोन वाजला की होणारं धस्स हे शेपूट सगळ्यात शेवटी जातं, कधीकधी चार-सहा महिन्यांनी. वहीतले झोपेचे आकडे सुधारत असतील तर सहाव्या आठवड्याला एखाद्या ग्राहकाचं नाव अडलं म्हणून उपचार बदलू नका. आकडेच हलत नसतील, तर पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.